पालोसला कोलंबसची तीन जहाजं बघायला जाताय? आधी क्रम नीट लावा

सेव्हिलला येणारी आपली बरीच मंडळी एक दिवस काढून वेल्वा प्रांतात पालोस दे ला फ्रोन्तेराला जातात, कारण तिथे मुएये दे लास काराबेलास म्हणजे कॅरॅवेल या हलक्या, चपळ शिडाच्या जहाजांचा धक्का आहे आणि कोलंबसच्या सांता मारिया, पिंता, निन्या या तिन्ही जहाजांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती तिथे पाण्यात उभ्या आहेत. आणि परत आल्यावर निम्मे तरी म्हणतात, "काय विशेष नाय, अर्ध्या तासात झालं." अर्ध्या तासात होतं कारण गेटमधून आत शिरले की सगळे सरळ जहाजांकडे धावतात, डेकवर फोटो काढतात, आणि आपण नक्की काय बघितलं ते कळायच्या आत बाहेर पडलेले असतात. काही जण तर सोमवारी जाऊन बंद गेट बघून येतात. मी दोनदा गेलोय, पहिल्यांदा चुकीच्या क्रमाने आणि दुसऱ्यांदा नीट, आणि दोन्हीत एवढा फरक पडला की हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

टप्पा १: दिवस ठरवा, मग बाकी सगळं

सोमवार नको. धक्का सोमवारी बंद असतो आणि जवळचा ला राबिदाचा मठसुद्धा, त्यामुळे सेव्हिलचे तीन दिवस शनि-रवि-सोम असतील तर वेल्वा सोमवारी ढकलू नका, तो दिवस सेव्हिलमध्येच घालवा.

दुसरं म्हणजे उन्हाळा. जून ते सप्टेंबर दक्षिण स्पेनमध्ये दुपारचं ऊन आपल्या विदर्भाची आठवण करून देतं आणि धक्क्यावर सावली जवळजवळ नाही. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेळा वेगवेगळ्या असतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी चालू वेळा बघाच, मागच्या वर्षी कोणीतरी टाकलेल्या वेळांवर जाऊ नका. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर जमलं तर फार उत्तम.

तीन तारखा मुद्दाम तपासा. ३ ऑगस्टच्या आसपास वेल्वात कोलंबसच्या प्रस्थानाचा उत्सव असतो, १२ ऑक्टोबर ही स्पेनची राष्ट्रीय सुट्टी आहे, आणि मे-जूनमध्ये पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या वेळी जवळच एल रोसिओची मोठी यात्रा भरते. या दिवसांत गर्दी, हॉटेलचे दर आणि बसचं वेळापत्रक तिन्ही बदलतात.

*चेक:* कॅलेंडर उघडा. सोमवार नाही, सुट्टी नाही, आणि सकाळी निघता येतंय? मग पुढे.

टप्पा २: नकाशात बरोबर पालोस शोधा

ही चूक खरंच होते. नकाशात नुसतं पालोस टाकलं की काबो दे पालोस पण येतं, ते मुर्सिया प्रांतात भूमध्य समुद्राच्या काठी आहे, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आपल्याला हवंय ते वेल्वा प्रांतातलं, अटलांटिकच्या बाजूचं. म्हणून धक्क्याचं पूर्ण नाव टाका आणि खाली प्रांत वेल्वा दिसतोय का ते बघा.

त्यातही पुढचा घोळ असा की धक्का पालोस गावात नाहीच. तो ला राबिदाला आहे, गावापासून तीन-चार किलोमीटरवर, तिंतो आणि ओदिएल या दोन नद्या मिळतात त्या बाजूला. बसमध्ये "पालोस" ऐकून गावात उतरलात तर पुढचं अंतर उन्हात चालावं लागतं. ड्रायव्हरला चढतानाच "ला राबिदा" म्हणून सांगून ठेवा, तोंडी सांगितलेलं जास्त कामाला येतं.

टप्पा ३: पोचायचं कसं

सेव्हिलहून वेल्वा साधारण ९५ किलोमीटर. ट्रेन सांता हुस्ता स्टेशनवरून सुटते, दीड तासाच्या आसपास लागतो, पण दिवसातून मोजक्याच गाड्या आहेत. बस प्लासा दे आर्मासच्या स्टँडवरून सुटते, दामास कंपनीच्या गाड्या असतात, सव्वा तासाच्या आसपास, आणि फेऱ्या ट्रेनपेक्षा जास्त, म्हणून माझं मत बसच्या बाजूने. वेल्वाच्या बस स्टँडवर उतरून तिथूनच पालोसच्या दिशेची लोकल बस घ्यायची. ला राबिदा साधारण दहा किलोमीटर. तीन-चार जण असाल तर वेल्वाहून टॅक्सी पण परवडते.

*सावधान, वेळापत्रक:* स्पॅनिश वेळापत्रकात तीन रकाने असतात. "लाबोराब्लेस" म्हणजे सोमवार ते शुक्रवारचे कामाचे दिवस, "साबादोस" शनिवार, आणि "दोमिंगोस इ फेस्तिवोस" म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. पहिल्या खेपेला मी रविवारी पहिला रकाना वाचून स्टॉपवर जाऊन उभा राहिलो, आणि पुढची बस यायला जवळपास दोन तास गेले. त्यामुळे जातानाच परतीच्या सगळ्या बसेसचा फोटो काढून ठेवा आणि शेवटची बस कोणती ते वेगळं लिहा.

*पोर्तुगालहून येणाऱ्यांना:* अल्गार्व्हला फारो वगैरे फिरून तिथून येणारे बरेच असतात, रस्ता चांगला आहे आणि अंतर फार नाही. पण स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे असतं. तुम्ही सकाळी दहा धरून निघता, इकडे अकरा वाजलेले असतात. परतीला उलटं, एक तास हातात मिळतो.

टप्पा ४: सोबत काय घ्यायचं

फार नाही, पण हे विसरू नका. सपाट, रबरी तळव्याचे बूट घ्या, कारण डेक लाकडाचा असतो, जिने शिडीसारखे उभे, आणि चपला किंवा हिल्सवर चढताना पाय सटकतो. साडी किंवा लांब कुर्ता घालणार असाल तर जिन्यावर उतरताना आवरून धरावं लागतं, आईला आधीच सांगून ठेवा. टोपी, पाणी, सनस्क्रीन. संध्याकाळपर्यंत थांबणार असाल तर डासांची क्रीम, हा सगळा पाणथळ भाग आहे.

बाबागाडी धक्क्यावर फिरते पण जहाजावर चढत नाही, बाळ असेल तर कॅरियर घ्या. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी किंवा व्हीलचेअरवाल्यांनी आधीच ठरवून ठेवा की धक्का आणि प्रदर्शन बघायचं, जहाजं खालून बघायची. आजी-आजोबांना तिथे नेऊन मग "चढा ना, काही होत नाही" असा आग्रह नका करू.

खाण्याचं पण इथेच सांगतो, कारण ऐनवेळी हाल होतात. वेल्वा हा हॅम आणि मासळीचा भाग. मासे खाणाऱ्यांची मजा आहे, चोको म्हणजे माकल इथे घरोघरी खातात, कोळंबीही भारी. शाकाहारी असाल तर डबा घ्या किंवा मेनूत पालक-चण्याची "एस्पिनाकास कोन गार्बान्सोस" शोधा. सालमोरेखो हे टोमॅटोचं थंडगार दाट सूप मस्त असतं पण त्यावर हॅमचे तुकडे आणि अंडं टाकून देतात, म्हणून ऑर्डर देतानाच "सिन हामोन, सिन वेवो" सांगा. जेवणाची वेळ दोन-अडीचनंतरची, बारा वाजता किचन उघडं मिळेलच असं नाही.

टप्पा ५: तिकीट घेताना दोन प्रश्न

तिकीट स्वस्त आहे, काही युरोंचं, त्याची काळजी नको. पण खिडकीवर दोन गोष्टी विचाराच.

एक, पुढची फिल्म किती वाजता आणि कोणत्या भाषेत. आत एक माहितीपट दाखवतात आणि तो कधी सुरू होतो त्यावर तुमचा पुढचा क्रम ठरतो.

दोन, तिन्ही जहाजं आज उघडी आहेत का. ही लाकडी जहाजं आहेत आणि ती वर्षानुवर्षं पाण्यात उभी आहेत, त्यामुळे एखादं दुरुस्तीसाठी बंद असू शकतं. मोठी सांता मारिया बंद असेल आणि तुमच्याकडे अजून दोन दिवस असतील तर सरळ दुसऱ्या दिवशी या.

टप्पा ६: आधी आतलं प्रदर्शन, जहाजं नंतर

सगळ्यात जास्त चूक इथे होते आणि हा लेख मुळात याच टप्प्यासाठी लिहितोय.

जहाजं बाहेर दिसत असतात, गोल धक्क्याला लागून तिन्ही एकदम, आणि मुलं ओढत नेतात. थांबा. आधी फिल्म आणि आतलं प्रदर्शन, साधारण पाऊण तास. तिथे नकाशे, नौकानयनाची साधनं, त्या काळचं सामान बघून घ्या. त्यातल्या चार गोष्टी डोक्यात पक्क्या केल्यात की डेकवर गेल्यावर डोळे आपोआप बरोबर ठिकाणी जातात.

वाळूचं घड्याळ. अर्ध्या तासाचं. जहाजावरची पोरं ते दर अर्ध्या तासाला उलटं करायची, रात्रंदिवस. कोणाला डुलकी लागली आणि उशीर झाला की सगळा हिशोब चुकला, कारण वेळ कळली नाही तर किती अंतर कापलं तेही कळत नाही.

होकायंत्र. दिशा यावरून, वेग नजरेच्या अंदाजाने, वेळ वाळूवरून, आणि या तिन्हीचा मेळ घातला की आपण कुठे आहोत ते कळतं. समुद्रात रेखांश मोजायची खात्रीची पद्धत त्या वेळी नव्हतीच.

चतुर्थक, म्हणजे लंबक लावलेलं पाव वर्तुळ. ध्रुवताऱ्याची उंची बघून अक्षांश काढायला. हलत्या डेकवर लंबक स्थिर कसा राहणार याचा विचार बघतानाच करा.

सुकाणूचा दांडा. त्या काळी जहाजाला गोल चाक नव्हतं, ते खूप नंतर अठराव्या शतकात आलं. सिनेमातलं चाक शोधत फिरू नका. सुकाणूला जोडलेला लांब लाकडी दांडा हातांनी ढकलायचा, आणि ढकलणारा डेकच्या खाली, त्याला समोरचं दिसतसुद्धा नाही, वरून कोणीतरी ओरडून सांगणार.

*चेक:* बाहेर पडायच्या आधी सोबतच्या मुलाला विचारा, "हे लोक कुठे आहेत ते त्यांना कसं कळायचं?" तोडकंमोडकं का होईना उत्तर आलं तर चला जहाजांकडे.

टप्पा ७: जहाजं, लहान ते मोठं

क्रम असा ठेवा: निन्या, पिंता, मग सांता मारिया. उलटं केलंत तर मोठ्यावरून लहानावर जाताना "हे तर तसंच आहे" म्हणून पटकन उतरता. लहानापासून सुरुवात केली की प्रत्येक जहाजावर नवीन काय ते कळतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ही मूळ जहाजं नाहीत. मोहिमेला ५०० वर्षं झाली त्या १९९२ सालासाठी या प्रतिकृती बांधल्या आणि १९९४ पासून त्या या धक्क्यावर लोकांना बघायला खुल्या आहेत. मूळ जहाजांचे आराखडे शिल्लक नाहीत, त्यामुळे त्या काळच्या चित्रांवरून आणि माहितीवरून अंदाज बांधून केलेलं हे काम आहे. "कोलंबस याच फळीवर उभा होता" असं मुलांना सांगू नका.

निन्या. लांबी २१ मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या एसटीच्या दोन गाड्या एकापुढे एक लावल्या तर जवळपास तेवढी. डेकच्या मधोमध उभे राहा आणि तुमच्याभोवती वीस-पंचवीस माणसं आहेत असं समजा. कॅनरी बेटांमधलं गोमेरा ६ सप्टेंबर १४९२ ला सोडलं आणि १२ ऑक्टोबरला जमीन मिळाली, म्हणजे ३६ दिवस हीच जागा. बहुतेक खलाशी उघड्या डेकवर, जागा मिळेल तिथे झोपायचे. झोळीसारखा हॅमॉक त्यांना माहीत नव्हता, तो त्यांनी पलीकडच्या बेटांवरच्या ताइनो लोकांकडे पाहिला आणि नंतर जहाजांवर आणला. माझ्या मुलीने इथे विचारलं होतं, मग पावसात काय करायचे? भिजायचे, दुसरं काय.

पिंता. थोडीशीच मोठी, २३ मीटरच्या आत. इथे शिडांच्या काठ्यांकडे बघा. या मोहिमेतल्या एका कॅरॅवेलची त्रिकोणी शिडं कॅनरी बेटांवर काढून चौकोनी लावली होती. तिरकं त्रिकोणी शीड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला सरकायला बरं, कोकणातल्या जुन्या गलबतांची तिरकी शिडं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे लगेच समजेल, आणि चौकोनी शीड मागून येणारा सलग वारा पकडायला बरं. समुद्र ओलांडायला मागून येणारा वाराच लागणार होता. शिडं बहुतेक वेळा गुंडाळलेली असतात, फुगलेल्या शिडांच्या फोटोची अपेक्षा ठेवू नका, काठ्या आणि दोर बघा.

सांता मारिया. ३० मीटरच्या जरा आत, आणि ही कॅरॅवेल नाही, "नाओ" आहे. पोट मोठं, पुढे-मागे उंच माड्या. नाओ हा शब्द आणि आपली नाव, संस्कृतातली नौ, मूळ एकच, मराठी माणसाला हे नाव लक्षात ठेवायला सोपं. खाली गोदामात उतरा, डोकं सांभाळून, तुळया खाली आहेत. पिंपं, दोरखंड, तळात भारासाठी टाकतात ते दगड, हे सगळं कुठे ठेवायचे ते बघा. मग मागची माडी, कोलंबसची केबिन. अख्ख्या मोहिमेतल्या साधारण ९० माणसांत खाजगी खोली म्हणावी अशी जागा फार थोड्यांना होती.

इथे माझा एक आग्रह आहे. सांता मारियावर पाच मिनिटं काही न करता बसा, फोन खिशात ठेवा. दोरांचा कुरकुर आवाज येतो, लाकडाचा आणि पाण्याचा वास येतो. दुसऱ्या खेपेला मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. आणि मूळ सांता मारिया मोठी असूनही परत आली नाही, १४९२ च्या नाताळच्या दिवशी आजच्या हैतीच्या किनाऱ्याजवळ रुतली, तिचं लाकूड काढून तिथे छोटा किल्ला केला आणि ३९ माणसं मागे ठेवली. मार्च १४९३ ला पालोसला परत पोचली ती निन्या आणि पिंता.

*सावधान:* जिन्यावरून उतरताना तोंड जिन्याकडे, पाठ बाहेर. दोरांना लटकायचं नाही, मुलांना आधीच बजावा. गर्दी असेल तर एक गट पूर्ण उतरू द्या, मग चढा, फळीवर समोरासमोर आलात तर दोघांची पंचाईत.

टप्पा ८: बेटाचा भाग गाळू नका

जहाजांच्या पलीकडे ताइनो लोकांच्या झोपड्या आणि पुतळे उभे केलेत, पहिल्या भेटीचं दृश्य म्हणून. बरेच जण दमलेले असतात आणि इथून सरळ बाहेर पडतात. दहा मिनिटं द्या, आणि मुलं बरोबर असतील तर पुढचं त्यांना तुम्ही सांगा, कारण पुतळ्यांचं दृश्य त्या पहिल्या दिवसावरच थांबतं. रोगराई, वेठबिगार आणि मारहाण यांनी पुढच्या काही दशकांत या बेटांवरचा ताइनो समाज जवळपास संपला. जहाजांचं कौतुक करून घरी यायचं आणि हे सांगायचंच नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

इथेच हमखास एक प्रश्न येतो, "मग हा कोलंबस आपल्याकडे कधी आला?" कधीच नाही. तो भारत आणि पूर्वेकडचे देश शोधायला पश्चिमेकडून निघाला आणि पोचला बहामाज बेटांवर. आपल्याकडे १४९८ ला कालिकतला आला तो वास्को द गामा, पोर्तुगालचा, आफ्रिकेला वळसा घालून. गोव्याच्या शाळेत शिकलेल्यांचा हा घोळ होत नाही, बाकीच्यांचा होतो.

टप्पा ९: मठ, आणि खरं बंदर

धक्क्यावरून बाहेर आलात की ला राबिदाचा मठ चालत दहा मिनिटांच्या आत, जरा चढ आहे. वेगळं तिकीट. मोहीम ठरायच्या आधी कोलंबस इथे राहिला होता, फ्रान्सिस्कन साधूंनी त्याची बाजू राजदरबारात लावून धरली. आत दानिएल वास्केस दियास या स्पॅनिश चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत, शांत अंगण आहे, आणि झेंड्यांच्या दालनात अमेरिका खंडातल्या देशांची माती पेट्यांत ठेवलीय. पाऊण तास पुरतो. हा मठ जहाजांच्या नंतरच बघा, आधी बघितला तर नावं डोक्यावरून जातात.

वेळ आणि गाडी असेल तर पालोस गावात जा. कारण धक्का म्हणजे मूळ बंदर नव्हे, हा अलीकडे बांधलेला आहे. ३ ऑगस्ट १४९२ ला जहाजं निघाली ती गावाच्या कडेच्या बंदरातून, सान होर्हे चर्चच्या खालच्या बाजूने, आणि ते बंदर गाळाने भरून गेलंय. ला फोन्तानिया नावाची विहीर मात्र आहे, तिथूनच जहाजांना पाणी भरलं असं तिथे सांगतात. तिथे उभं राहिल्यावर समोर पाणी दिसत नाही म्हणून गोंधळू नका, नदीच लांब सरकलीय. आणि तिंतो नदीचं ते प्रसिद्ध लालभडक पाणी इथे शोधू नका, तो रंग वर खाणींच्या भागात दिसतो.

वेळेचा हिशोब

सेव्हिलहून सकाळी आठच्या आसपास निघालात तर साडेदहा-अकरापर्यंत धक्क्यावर. फिल्म आणि प्रदर्शन पाऊण तास, तीन जहाजं दीड तास, बेट दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे एक-दीड वाजले. मग जेवण, मग मठ, साडेचारपर्यंत मोकळे. पालोस गाव जोडायचं असेल तर बसवर विसंबू नका, टॅक्सी सांगा. वेल्वाहून सेव्हिलची परतीची बस साडेसहाच्या पुढची धरा, आणि लोकल बस त्याच्या निदान एक तास आधीची, कारण लोकल चुकली तर पुढची कधी हे रकाना बघितल्याशिवाय सांगता येत नाही.